विहीर सामाईक, बांध वेगळा

आप्पा पहिल्यांदा सिंगापूरला आले तेव्हा तीन टॉवरांवर जहाज ठेवल्यासारखं ते मरिना बेचं हॉटेल बघून काही बोलले नाहीत, बिनड्रायव्हरची मेट्रो बघूनही नाहीत, बोटॅनिक गार्डनमध्ये तर चक्क एका बाकावर झोपले. पण सीमेजवळच्या वुडलँड्सहून पलीकडे मलेशियातल्या जोहोर बाहरूला जाणाऱ्या बसमध्ये त्यांना खिडकीतून रस्त्याच्या कडेने चाललेली जाडजूड पाइपलाइन दिसली आणि माणूस एकदम ताठ बसला.

"ह्ये पाणी कुणाचं रं?"

मी म्हटलं जोहोरचं, म्हणजे मलेशियाचं, सिंगापूरला जातं.

"आन् मोटर कुणाची?"

आता हा प्रश्न मला सिंगापुरात इतकी वर्षं काढून कधी पडला नव्हता. उत्तर असं की जोहोर नदीवर कोटा टिंगीजवळ जो पाणी उपसायचा आणि शुद्ध करायचा प्लांट आहे तो सिंगापूरची पाणीपुरवठा संस्था, पीयूबी, चालवते. प्लांट उभा मलेशियाच्या जमिनीवर, चालवणारे सिंगापूरचे. आप्पांनी हे ऐकलं, थोडा वेळ समुद्राकडे बघितलं आणि म्हणाले, "म्हंजे दुसऱ्याच्या रानात आपली मोटर. मग भांडनं व्हनारच."

सांगली जिल्ह्यात आमची जमीन आहे, त्यात एक विहीर, आणि ती विहीर आप्पा आणि त्यांचे चुलतभाऊ आण्णा यांच्यात सामाईक. आजोबांच्या वेळेला वाटणी झाली तेव्हा जमिनीत बांध पडला पण विहिरीत बांध घालता येत नाही ना, मग पाण्याच्या पाळ्या ठरल्या, मोटरीचं वीजबिल निम्मंनिम्मं ठरलं, आणि त्यावरून जे सुरू झालं ते आजतागायत चालू आहे. आप्पा आणि आण्णा गेली अकरा वर्षं एकमेकांशी बोलत नाहीत. पण पाळी चुकत नाही. एकदाही नाही. त्यामुळे सिंगापूर-मलेशिया संबंधांवर पेपरात जे काय छापून येतं, त्यापेक्षा आप्पांना ते पाइप बघून जास्त कळलं असं माझं प्रामाणिक मत झालंय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. सिंगापूर बेट आणि मलेशियाचं जोहोर राज्य यांच्यामध्ये जी सामुद्रधुनी आहे ती इथे जेमतेम किलोमीटरभर रुंद आहे, आणि तिच्यात दगड टाकून टाकून ब्रिटिशांनी एक भराव केला, तो हा कॉजवे. १९२३ मध्ये त्यावरून मालगाड्या जायला लागल्या, १९२४ मध्ये रीतसर उद्घाटन झालं. दिसायला काही नाही हो, आपल्याकडच्या एखाद्या धरणाच्या भिंतीवरचा रस्ता असतो तसा. पण रोज तीन लाखांच्या वर माणसं यावरून इकडची तिकडे होतात. पहाटे चारपासून मोटारसायकलींचा जो लोंढा जोहोरकडून येतो तो एकदा बघण्यासारखा आहे. बसने गेलात तर आधी सिंगापूरच्या चेकपोस्टला उतरायचं, पासपोर्ट दाखवायचा, पळत जाऊन परत बस पकडायची, पलीकडे परत उतरायचं, परत पासपोर्ट. शनिवारी सकाळी लाइन बघून माणसाला वैराग्य येतं आणि तरी सगळे जातातच. आम्ही पण. १ डिसेंबर २०२३ पासून भारतीय पासपोर्टवाल्यांना मलेशियात तीस दिवस व्हिसाशिवाय जाता येतं, त्याआधी आईवडील आले की त्यांना घेऊन जोहोरला जायचं म्हणजे व्हिसाचं वेगळं लफडं असायचं, म्हणून इथली बरीच मराठी मंडळी एकेकटी जाऊन किराणा आणायची आणि आईबाबा घरी टीव्ही बघायचे.

तर वाटणी. या दोघांचीही वाटणीच झाली. १६ सप्टेंबर १९६३ ला मलाया, सिंगापूर, सारवाक आणि सबाह मिळून मलेशिया झाला, आणि ९ ऑगस्ट १९६५ ला सिंगापूर वेगळं झालं. दोन वर्षं पण पूर्ण नाही. चूल मांडायलाच तेवढा वेळ लागतो. भांडण कशावरून, तर मलय लोकांना खास हक्क असावेत की सगळ्यांना सारखेच, पैसा किती कुणी द्यायचा, कुणाच्या पक्षाने कुणाच्या भागात निवडणूक लढवायची, आणि १९६४ मध्ये सिंगापुरात मलय आणि चिनी लोकांत दंगलीही झाल्या होत्या. मलेशियाचे पंतप्रधान तुंकू अब्दुल रहमान यांनी ठरवलं की आता वेगळं केलेलं बरं. सिंगापूरचे पंतप्रधान ली क्वान यू त्या दिवशी पत्रकार परिषदेत बोलता बोलता रडले, टीव्ही कॅमेऱ्यासमोर. जगात देश स्वतंत्र झाला म्हणून आनंदाने रडणारे नेते असतील, हे मात्र स्वतंत्र व्हावं लागलं म्हणून रडत होते. आणि नंतर एकेक भांडं वेगळं होत गेलं, १९७२ ला सामाईक विमान कंपनी फुटून दोन झाल्या, १९७३ ला शेअर बाजार वेगळे झाले, आणि त्याच वर्षी दोन्ही चलनांची एकास एक अदलाबदल बंद झाली. (ब्रुनेईशी मात्र सिंगापूरची ती अदलाबदल १९६७ पासून अजून चालू आहे, ब्रुनेईची नोट सिंगापुरात चालते. ही गंमत मला एका टपरीवाल्याने सुट्टे देताना समजली, मला वाटलं गंडवतोय.)

पण पाण्याचं काय? इथे खरी गोम आहे. १९६२ च्या करारानुसार सिंगापूर जोहोर नदीतून रोज २५ कोटी गॅलन पाणी उचलू शकतं, आणि हा करार २०६१ पर्यंत आहे. दर हजार गॅलनला ३ सेन (शंभर सेनचा एक रिंगिट, हे मलेशियाचं चलन). म्हणजे साधारण साडेचार हजार लिटरला आपले साठेक पैसे. आपल्याकडे उन्हाळ्यात टँकरला लोक काय मोजतात ते आठवा आणि मग हा आकडा परत वाचा. मी आप्पांना सांगितला तेव्हा ते म्हणाले, "फुकटच की." मलेशियाचं पण हेच म्हणणं, वर्षानुवर्षं, विशेषतः तिथले माजी पंतप्रधान महाथीर मोहम्मद यांचं, की हा काय दर झाला का. त्यावर सिंगापूर म्हणतं की करारात पंचवीस वर्षांनी, म्हणजे १९८७ मध्ये, दर बदलायची संधी होती ती तुम्ही घेतली नाहीत, आता हक्क गेला. शिवाय तेच पाणी शुद्ध करून आम्ही जोहोरला ५० सेनला हजार गॅलन परत विकतो आणि शुद्ध करायलाच आम्हाला त्याच्या कितीतरी पट खर्च येतो, उलट आम्हीच घाट्यात. कराराप्रमाणे जोहोरला रोज ५० लाख गॅलनच द्यायचंय पण प्रत्यक्षात सिंगापूर त्याच्या तिप्पट देत आलंय, आणि जोहोरमध्ये नदी दूषित झाली की अजून वर.

मी हे सगळं दोन्ही बाजूंनी समजावून सांगत होतो, अगदी निःपक्षपाती वगैरे, आणि आप्पांचं आपलं एकच. कागद कुठंय? कुणाच्या ताब्यात?

तर कागद आहे आणि पक्का आहे. १९६५ च्या वेगळं होण्याच्या करारातच पाण्याच्या दोन्ही करारांची, १९६१ च्या आणि १९६२ च्या, हमी लिहून घेतलीय आणि तो करार संयुक्त राष्ट्रांकडे नोंदवलेला आहे. सिंगापूरवाले हे वाक्य इतक्या वेळा म्हणतात की शाळेतल्या पोराला पण पाठ असतं. आणि धास्ती उगाच नाही. जानेवारी १९४२ मध्ये जपानी सैन्य आलं तेव्हा माघार घेणाऱ्या ब्रिटिशांनी हाच कॉजवे उडवला, त्याबरोबर जोहोरहून येणारी पाइपलाइन पण गेली, आणि दोन आठवड्यांत, १५ फेब्रुवारीला, सिंगापूर शरण गेलं. शरण जायच्या कारणांत पाणी संपत आलं हे एक मोठं कारण होतं. ज्या गावाने एकदा हे बघितलंय ते गाव नंतर सांडपाणी गाळून प्यायला लागतं, २००३ पासून ते तसं करतात, न्यूवॉटर म्हणतात त्याला, आणि समुद्राचं पाणी पण गोडं करतात. म्हणजे २०६१ ची तयारी चालू आहे. भावाने पाणी तोडलंच तर आपला बोअर असावा.

पण मला सगळ्यात आवडलेली गोष्ट वेगळीच आहे. पाण्याचा एक करार १९६१ चा पण होता, तो ऑगस्ट २०११ मध्ये संपला. संपला त्या दिवशी सिंगापूरने जोहोरमधले आपले त्या करारातले प्लांट, पंप, सगळं काही एक पैसा न घेता जोहोरला देऊन टाकलं. आप्पांना हे पटेना. मोटर पण? पाइप पण? "एवढं दिलदार कुनी नसतंय. पुढचा डोळ्यासमोर ठिवला आसंल." म्हणजे १९६२ वाला. मला पण तसंच वाटतं खरं तर, पण म्हणून देण्याची किंमत कमी होत नाही.

जोहोरला पोचल्यावर आम्ही आधी ते काचेचं देऊळ बघितलं, राजकालीअम्मनचं, भिंती छत खांब सगळीकडे काचेचे तुकडे, आप्पांना आवडलं पण "धुळीचं काय करतात" हा प्रश्न त्यांनी तीनदा विचारला. मग खायला बसलो. सिंगापुरात जिला रोटी पराटा म्हणतात तीच इथे रोटी चनाई. तोच तमिळ माणूस, तोच तवा, तीच पिठाची हवेत फिरवलेली चादर, तीच डाळ बुडवायला. आप्पा म्हणाले घडीची पोळी आहे, तेल जास्त. पण बिल बघा. सिंगापुरात दीड डॉलरला मिळते ती इथे दीड-दोन रिंगिटला, आकडा जवळपास तोच, फक्त चलन बदललं, आणि एका डॉलरला तीनपेक्षा जास्त रिंगिट येतात.

आणि माझ्या मते या दोन देशांचा सगळा व्यवहार या एका वाक्यात बसतो, आकडा तोच चलन वेगळं. पेपरात म्हणतात जवळचे शेजारी, ऐतिहासिक नातं, वगैरे. ते आहेच. पण १९७३ ला जर ती एकास एक अदलाबदल बंद झाली नसती, किंवा होऊनही दोन्ही नोटा सारख्याच राहिल्या असत्या, तर पहाटे चारला त्या मोटारसायकली निघाल्या असत्या का? माझ्या टीममध्ये जोहोरचा एक जण आहे, पगार डॉलरमध्ये, घराचा हप्ता रिंगिटमध्ये, रोज येऊनजाऊन चार तास रस्त्यात, दोन मुलं झोपेत असताना निघतो आणि झोपेत असताना पोचतो. मी त्याला एकदा विचारलं इकडे का नाही राहत, तो हसला आणि मोबाईलवर कॅल्क्युलेटर उघडून माझ्यापुढे धरला. बस. आणि उलट दिशेने आम्ही, केस कापायला, गाडी धुवायला, दात काढायला, किराणा भरायला. जो फरक दोघांना त्रास देतो त्याच्यावरच दोघांचं पोट चालतं.

पेट्रोलची तर कॉमेडीच आहे. मलेशियात पेट्रोल स्वस्त, म्हणून सिंगापूर सरकारने नियम केला की इथली गाडी सीमा ओलांडताना टाकी तीन-चतुर्थांश भरलेली पाहिजे, म्हणजे तिकडे जाऊन फार भरता येऊ नये. तिकडे मलेशियाने नियम केला की सबसिडीचं रॉन ९५ पेट्रोल परदेशी नंबरच्या गाडीला द्यायचं नाही. आणि लोक काय करतात? नंबरप्लेटवर टेप चिकटवून भरतात, गाडी हलवून हलवून टाकीतली हवा काढून अजून अर्धा लिटर बसवतात, आणि मलेशियन लोक त्याचे व्हिडिओ काढून टाकतात आणि मग दोन दिवस दोन्हीकडे शिव्यांचा पाऊस. मर्सिडीजवाला माणूस अर्ध्या लिटरसाठी गाडी हलवतोय हे दृश्य पुणेकराला सुद्धा लाजवणारं आहे.

भांडणं म्हणाल तर यादी मोठी आहे, सगळी सांगत बसत नाही. पेड्रा ब्रांका नावाच्या फुटबॉल मैदानाएवढ्या खडकावरून, ज्याच्यावर १८५१ पासूनचं एक दीपगृह आहे, दोघं आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेले, २००८ मध्ये निकाल लागला, खडक सिंगापूरला, बाजूचे मिडल रॉक्स मलेशियाला. महाथीर यांना कॉजवेच्या जागी पूल हवा होता, सिंगापूर तयार नाही म्हटल्यावर ते म्हणाले आमच्या अर्ध्यात आम्ही बांधतो, तो वाकडातिकडा एस आकाराचा पूल पलीकडच्या अर्ध्या भरावाला नेऊन जोडायचा, २००६ मध्ये पुढच्या पंतप्रधानांनी तो रद्द केला. अर्ध्या बांधावर पूल! हे मी आप्पांना सांगायला विसरलो, त्यांना फार आवडलं असतं. आणि २०२२ च्या जूनमध्ये मलेशियात कोंबडी महागली म्हणून त्यांनी निर्यातच बंद केली, सिंगापूरची एक तृतीयांश कोंबडी तिकडून, तीही जिवंत येऊन इथे कापली जायची, तर चिकन राइसच्या टपऱ्यांसमोर आदल्या दिवशी अशा रांगा की जणू उद्यापासून कोंबडी ही जातच नामशेष होणार. ऑक्टोबरपर्यंत सगळं सुरळीत झालं. दरम्यान लोकांनी फ्रोजन खाल्लं आणि नावं ठेवली.

रेल्वेची गोष्ट मात्र नीट सांगितली पाहिजे. वाटणी झाली तरी सिंगापूरच्या पोटातून थेट दक्षिण टोकाच्या तंजोंग पगार स्टेशनापर्यंत जाणारा रेल्वेमार्ग आणि त्याखालची जमीन मलेशियाच्या रेल्वेकडेच राहिली. म्हणजे तुमच्या घरातून माजघरापर्यंत जाणारी पायवाट चुलतभावाच्या नावावर. सिंगापूरने १९९८ मध्ये आपलं इमिग्रेशन वुडलँड्सला हलवलं पण मलेशियाने आपलं तंजोंग पगारलाच ठेवलं, मग तिथे गाडीत बसताना माणूस आधी मलेशियात शिरायचा आणि अर्ध्या तासाने सिंगापुरातून बाहेर पडायचा! वीस वर्षं यावर चर्चा. शेवटी २०१० मध्ये अदलाबदल ठरली, रेल्वेची जमीन सोडायची आणि बदल्यात शहरातले मोक्याचे प्लॉट एका सामाईक कंपनीला, जिच्यात मलेशिया सरकारच्या खझाना या गुंतवणूक कंपनीचे ६० टक्के आणि सिंगापूर सरकारच्या टेमासेकचे ४०. आज मरिना वन आणि डुओ म्हणून ज्या चकाचक इमारती आहेत त्या याच भांडणाचं फळ. मी डुओच्या खालून रोज जातो, एकाही माणसाच्या चेहऱ्यावर आपण तडजोडीखाली उभे आहोत असं दिसत नाही. ३० जून २०११ ला तंजोंग पगारहून शेवटची गाडी निघाली आणि ती चालवली कुणी, तर जोहोरच्या सुलतानांनी स्वतः. सुलतान इब्राहिम, जे जानेवारी २०२४ पासून मलेशियाचे राजे आहेत. त्यांचे पणजोबा सुलतान असताना हा कॉजवे झाला, आणि १९२७ चा पाण्याचा पहिला करार पण त्याच पणजोबांनी केलेला. त्या रुळांच्या जागी आता चालायची वाट आहे, चोवीस किलोमीटर. रविवारी मी तिथे चालतो आणि गुडघा दुखला की परत फिरतो.

मार्च २०२० मात्र कुणी गमतीत सांगत नाही. मलेशियाने लॉकडाऊन जाहीर केला, १८ तारखेपासून सीमा बंद, आणि १७ च्या संध्याकाळी जोहोरचे हजारो लोक कपड्यांची पिशवी घेऊन उलट इकडे यायला निघाले, कारण तिकडे राहिलं तर नोकरी जाणार. काही लोकांनी ती रात्र मेट्रो स्टेशनाबाहेर काढली. माझा तो टीममधला माणूस आमच्याच हॉलमध्ये सोफ्यावर राहिला, आधी दोन आठवडे म्हणाला, मग खोली घेतली, आणि मुलांना पुन्हा भेटला ते नोव्हेंबर २०२१ च्या शेवटी लशीवाल्यांसाठी बस सुरू झाली तेव्हा. घर खिडकीतून दिसत होतं हो त्याला. वुडलँड्सच्या बाराव्या मजल्यावरून जोहोरचे दिवे दिसतात. १ एप्रिल २०२२ ला कॉजवे लस घेतलेल्या सगळ्यांसाठी उघडला तेव्हा मध्यरात्री लोक हॉर्न वाजवत गेले.

आता नवीन पर्व चालू आहे म्हणे. ७ जानेवारी २०२५ ला पुत्रजायात मलेशियाचे पंतप्रधान अन्वर इब्राहिम आणि सिंगापूरचे लॉरेन्स वाँग यांच्यासमोर जोहोर-सिंगापूर विशेष आर्थिक क्षेत्राचा करार झाला, साडेतीन हजारांवर चौरस किलोमीटर, म्हणजे सिंगापूरच्या चौपट-पाचपट जमीन, पहिल्या पाच वर्षांत पन्नास प्रकल्प आणणार. सिंगापूरकडे पैसा आहे पण जागा नाही, जोहोरकडे जागा आहे पण पैसा कमी, जोडी जमलीच पाहिजे. वुडलँड्स ते बुकित चागर अशी चार किलोमीटरची रेल्वे पण येतेय, आरटीएस, डिसेंबर २०२६ अखेरपर्यंत सुरू करायचं ठरलंय, एकाच ठिकाणी दोन्ही पासपोर्ट तपासणी आणि पाच मिनिटांत पलीकडे. मी खूश आहे, खोटं कशाला बोलू. पण जोहोरमधला आमचा न्हावी खूश नाही. त्याच्या दुकानाचं भाडं वाढलं, शेजारचा स्वयंपाकी सिंगापुरात गेला, आणि तो म्हणतो तुमची गाडी सुरू झाली की इथे राहणाऱ्याला इथलं काही परवडणार नाही. त्यात डेटा सेंटर. सिंगापूरने २०१९ पासून तीनेक वर्षं नवीन डेटा सेंटरना परवानगी थांबवली तेव्हा ती सगळी जोहोरात उतरली, आणि त्यांना थंड ठेवायला काय लागतं? वीज आणि पाणी. म्हणजे फिरून परत त्या नदीवरच. एवढ्या टेक्नॉलॉजीच्या गप्पा, पण भांडण होईल तर विहिरीवरच होईल.

परतताना संध्याकाळ झाली होती, बस कॉजवेवर अडकलेली, पुढे लाल दिव्यांची माळ, आप्पांच्या मांडीवर तूरडाळीच्या आणि बिस्किटांच्या पिशव्या. ते पाइपकडेच बघत होते. तेवढ्यात माझा फोन वाजला. आण्णांचा मुलगा. हे सांगायचं राहिलं, आप्पा आणि आण्णा बोलत नाहीत ना, मग मोटरीच्या वीजबिलाचा निम्मा हिस्सा आण्णांचा मुलगा मला जीपे करतो आणि मी आप्पांना सांगतो, पाळी बदलायची असली तरी आधी मला मेसेज. आमच्या भाऊबंदकीतलं युनो मीच.

"दादा, ९४० पाठवले. बाबा विचारतायत काका कधी येणारेत, गुरुवारची पाळी त्यांची आहे, मोटर कुणी चालू करायची?"

मी वाचून दाखवलं. आप्पांनी पिशव्या सावरल्या.

"त्याला म्हनावं तूच चालू कर. आन् आठाला बंद कर म्हनावं, नऊ न्हाई."